दांतांची तार व तिच्याभोंवतीचा डाग

आमच्या शाळेच्या वरच्या इयत्तांपैकीं कोणत्याहि वर्गांत हल्लीं दृष्टि फिरविली, तर हंसणाऱ्या मुखांतून तारेची बारीक रेषा दोन-चार ठिकाणीं तरी चमकतांना दिसतेच. आमच्या वडीलधाऱ्यांच्या विद्यार्थिदशेंत हें दृश्य क्वचितच दिसे. पुढें आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दांत हा दैवाचा भाग समजून मूल तोंडावर हात ठेवून हंसावयास शिके आणि सोबत्यांची चेष्टा मुकाट्यानें सोशी. तें दैव आतां बदलतां येतें, ही आनंदाची गोष्ट आहे. घांस नीट चावतां यावा, उच्चार स्पष्ट व्हावा आणि चारचौघांत मोकळेपणानें हंसतां यावें, एवढ्यासाठीं आईबाप पोटाला चिमटा घेऊन तारेचा खर्च करतात, त्याबद्दल आम्हांस आदरच वाटतो. हें आरंभींच सांगून टाकण्याचें कारण असें कीं, पुढें आम्हांस जें लिहावयाचें आहे तें तारेविरुद्ध नाहीं; तार लावली म्हणजे आपलें काम संपलें, या समजुतीविरुद्ध आहे.

आमच्या परिचयाच्या एका मुलीची तार कांहीं दिवसांपूर्वीं निघाली. जवळजवळ दोन वर्षें ती या दिवसाची वाट पाहत होती. दांत एका ओळींत, सुतानें आंखून बसविल्यासारखे दिसत होते. परंतु आरशापुढें उभी राहतांच तिच्या ध्यानांत आलें कीं, वरच्या चार दांतांवर, जेथें तारेच्या चौकोनी कड्या चिकटविलेल्या होत्या त्या जागेभोंवतीं, खडूनें काढल्यासारखी पांढरी कड उमटलेली आहे. तिनें ती रुमालानें पुसून पाहिली, ब्रशानें घांसून पाहिली, ती जाईना. पूर्वीं वांकडे दांत झांकण्यासाठीं ती तोंडावर हात धरी. आतां सरळ झालेले दांत झांकण्यासाठीं धरूं लागली! वडील संतापून म्हणाले, "तारेनेंच दांत खाल्ले." आजीबाई म्हणाल्या, "देवानें दिलेल्या दांतांशीं खेळूं नका, म्हणून मी तेव्हांच सांगत होतें."

त्या दोघांचेंहि दुःख आम्हांस समजतें. परंतु त्यांचा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. "दुखणें हल्याला आणि डाग पखालीला" अशी जी म्हण आपल्यांत आहे, तिचेंच हें उदाहरण होय. खरा अपराधी कोण, हें समजण्यासाठीं आधीं दांताची घडण थोडी समजून घेतली पाहिजे.

दांताच्या वरचें जें पांढरें, चकचकीत कवच असतें, त्यास दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. मनुष्याच्या सर्व शरीरांत याहून कठीण पदार्थ नाहीं. हाडहि त्याच्यापुढें मऊ. वजनानें पाहिल्यास त्यांतील सुमारें ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांनीं बनलेल्या खनिजाचा असतो. परंतु या बलवानाच्या ठिकाणीं एक मोठें व्यंग आहे. बोट कापलें तर कातडी पुन्हा येते, हाड मोडलें तर सांधतें. दंतवल्क मात्र एकदां नाहींसें झालें म्हणजे पुन्हा उगवत नाहीं. कारण तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा झालेल्या असतात. बाराव्या वर्षीं तोंडांत असलेलें दंतवल्क हीच आपली जन्माची शिदोरी होय. तींतून काढतां येतें. नवी भर मात्र फारशी घालतां येत नाहीं.

या कठीण कवचाचा शत्रु आम्ल हा आहे. स्वयंपाकघरांतील शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला, तर तेथें निस्तेज पांढुरका ठसा उमटतो व तो कितीहि पुसला तरी जात नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. फरशीचा चुना आम्लानें खाल्ला जातो. दांताचें खनिजहि तसेंच विरघळतें. आपण दांतांवर लिंबू चोळीत नाहीं, हें खरें. परंतु आपल्या तोंडांतच आम्लाचा एक कारखाना चालू असतो. दांतांवर जें चिकट कीट बसतें, तें केवळ अन्नाचा कण नव्हे. असंख्य सूक्ष्म जंतूंची ती दाट वस्ती असते. बर्लिन येथें काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, हे जंतु साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांत पोखरतें. पुढें १९२४ सालीं इंग्लंडांत क्लार्क यांनीं किडलेल्या दांतांतून अशाच एका जंतूचा शोध लावून त्यास 'स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स' हें नांव दिलें. अमेरिकेंतील स्टीफन यांनीं १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत या कीटांतील आम्लता प्रत्यक्ष मोजून दाखविली. साखरेच्या पाण्यानें तोंड भरल्यावर थोड्या मिनिटांतच आम्लता एकदम वाढते आणि पूर्वस्थितीवर येण्यास अर्धा तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ लागतो. आम्लतेचें जें माप पीएच म्हणून विज्ञानाच्या तासाला शिकविलें जातें, तें सुमारें ५.५ च्या खालीं उतरलें कीं दंतवल्कांतील खनिज विरघळूं लागतें.

मग आपल्या सर्वांचेच दांत केव्हांच विरघळून कां गेले नाहींत? याचें श्रेय लाळेला आहे. लाळ आम्ल धुऊन नेते, त्याचा जोर मोडते आणि तिच्यांत असलेलें कॅल्शियम व फॉस्फेट दंतवल्काला परत देते. दिवसभर असा देण्याघेण्याचा व्यवहार चालू असतो. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला, तर दांत शाबूत राहतात. खर्चच सतत वाढत गेला, तर खनिज आंतून झिरपून जातें, वरचा पातळ थर तसाच राहतो आणि त्याच्या खालीं बारीक बारीक पोकळ्या पडतात. अशा जागेंतून प्रकाश पूर्वींसारखा सरळ पार जात नाहीं, विखुरतो. म्हणून ती जागा खडूसारखी पांढरी दिसते. हाच तो पांढरा डाग. तो वरून लागलेला रंग नव्हे, आंतून झालेली झीज आहे. म्हणूनच तो रुमालानें पुसला जात नाहीं. अजून तेथें खड्डा पडलेला नसतो, परंतु किडीची ती पहिली पायरी होय.

आतां तारेचा यांत संबंध काय तो पाहूं. तार स्वतः दांत खात नाहीं. ती कीटाला घर बांधून देते. कडीच्या कडेला, तारेच्या खालीं, कडी व हिरडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेंत अन्न अडकतें. जीभ, ओंठ आणि लाळ हीं तिन्हीं इतर वेळीं दांत पुसून काढीत असतात. त्यांची वाट तेथें अडते. ज्या दारीं झाडू पोंचत नाहीं त्या दारीं केर सांचावयाचाच.

तारेचा इतिहास पाहिला तर हें अधिक स्पष्ट होतें. या शास्त्राचे एक आद्य प्रवर्तक अमेरिकेंतील डॉक्टर एडवर्ड अँगल यांनीं १९२८ सालीं जी कडी पुढें आणली, तिच्याच वंशांतील कड्या आजहि वापरांत आहेत. त्या काळीं कडी बसविण्यासाठीं दांताभोंवतीं धातूचें कडें घालावें लागे. १९५५ सालीं बुओनोकोर नांवाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, दंतवल्कावर क्षणभर फॉस्फोरिक आम्ल लावून तें किंचित् खरखरीत केलें म्हणजे त्यास राळ घट्ट चिकटते. यामुळें पुढें कडी सरळ दांतावरच चिकटवितां येऊं लागली. वैद्याच्या हातचें तें आम्ल मोजून लावलेलें व लगेच धुतलेलें असतें. त्यास भिण्याचें कारण नाहीं. भ्यावयाचें तें आपल्या आळसानें रात्रंदिवस तयार होणाऱ्या आम्लास! साधनें सुधारलीं, कड्या लहान झाल्या. परंतु कडीभोंवतीं कीट सांचण्याचा धोका कोणत्याहि शोधानें अद्याप नाहींसा झालेला नाहीं.

हा धोका किती मोठा आहे? १९८२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत तार लावून झालेल्यांपैकीं जवळजवळ निम्म्या व्यक्तींच्या निदान एका तरी दांतावर पांढरा डाग आढळला. तार न लावलेल्यांत हें प्रमाण सुमारें पावभर होतें. वरच्या जबड्यांतील मधल्या दोन दांतांच्या शेजारचे दांत सर्वांत अधिक बाधले होते, म्हणजे हंसतांना जे प्रथम दिसतात त्यांतलेच! १९८८ सालीं नॉर्वे येथील संशोधकांनीं असेंहि दाखविलें कीं, फ्लोराइड वापरलें नाहीं आणि कीट तसेंच सांचूं दिलें, तर असा डाग केवळ चार आठवड्यांत दिसूं लागतो. तार दीड-दोन वर्षें तोंडांत राहावयाची आणि दांत बिघडावयास एक महिना पुरावयाचा, हा हिशेब प्रत्येक पालकानें मनाशीं मांडून पाहावा.

येथें कोणी म्हणेल, "असें आहे तर तार लावूंच नये." आम्हांस हें मत पटत नाहीं. त्याच पाहणीकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर तार लावलेल्यांपैकीं निम्मे लोक डागावांचून सुटले, असेंहि दिसतें. जें निम्म्यांना साधलें तें आपणांस कां साधूं नये? दाटीवाटीनें उगवलेले दांत नीट घांसतांहि येत नाहींत. ते सरळ झाल्यानें पुढील सर्व आयुष्यांत त्यांची निगा सोपी होते. शिवाय प्रत्येक पांढरा डाग तारेच्याच वेळचा असतो असेंहि नाहीं. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील कित्येक गांवांत पिण्याच्या पाण्यांत फ्लोराइड प्रमाणाबाहेर असल्यामुळें दांत हिरडीखालीं घडत असतांनाच त्यांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. म्हणून तार लावण्यापूर्वीं दांतांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. पुढें वाद राहत नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, आधीं तोंड स्वच्छ, मग तार. ज्या मुलास साधे दांत नीट घांसण्याची संवय नाहीं, त्याच्या दांतांवर कड्या चिकटविणें म्हणजे पोहतां न येणाऱ्यास भर पुरांत लोटणें होय. वैद्यांनीं प्रथम दोन-तीन महिने मुलाची परीक्षा पाहावी. कीट दिसेनासें झालें व हिरड्यांतून रक्त येणें थांबलें, तरच तार बांधावी. पालकांनींहि "एवढ्या लवकर लग्न आहे, तेवढ्या लवकर सुट्टी आहे" अशी घाई वैद्यांस करूं नये. दोन महिने उशीर झाल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. उतावळेपणानें मात्र जन्माचा डाग पदरीं येतो. तार चालू असतांनाहि मूल हेळसांड करीत आहे असें दिसलें, तर वैद्यांनीं तें आईबापांस त्यांच्या भाषेंत, आरसा हातीं देऊन, स्पष्ट सांगावें. आणि वेळ पडल्यास तार मुदतीपूर्वीं काढण्याचाहि धीर दाखवावा. किंचित् वांकडा परंतु निरोगी दांत हा सरळ परंतु पोखरलेल्या दांतापेक्षां केव्हांहि श्रेष्ठ होय.

आईबापांस आमची विनंति आहे ती अशी. हजारों रुपये खर्चून तार आणिली, पण मूल रात्रीं दांत घांसून निजतें कीं नाहीं हें कोणीच पाहिलें नाहीं, असें अनेक घरीं घडतें. पैसा खर्चणें सोपें; रोज रात्रीं पांच मिनिटें मुलाशेजारीं उभें राहणें कठीण! परंतु या कामीं दुसऱ्याचाच उपयोग अधिक आहे. कांहीं घरीं अद्याप राखुंडी, कोळशाची पूड किंवा मिश्री यांचा परिपाठ आहे. मिश्रींत तंबाखू असल्यामुळें ती सर्वांनाच घातक. राखुंडी व कोळसा दांत खरवडतात, पण कडीच्या कडेचें कीट काढीत नाहींत. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी आपल्या पूर्वजांनीं आनंदानें वापरली असेल. तारेच्या आडून तिचा शिरकाव होत नाहीं. येथें मऊ केसांचा ब्रशच पाहिजे. तो आधीं कडीच्या वरून, मग खालून, तिरपा धरून प्रत्येक दांतावर हळूहळू फिरवावा. तारेखालच्या फटींत जाणारा बारीक निमुळता ब्रशहि मिळतो, तो वापरावा. सकाळीं व रात्रीं प्रत्येकीं चार-पांच मिनिटें यास द्यावींत. त्यांत रात्रीची वेळ तर कधींच चुकवूं नये, कारण झोंपेंत लाळ अगदीं कमी सुटते. टूथपेस्ट फ्लोराइड असलेली घ्यावी. फ्लोराइड दंतवल्काला खनिज परत मिळवून देण्यास साहाय्य करतें व तें आम्लास अधिक चिवट बनवितें. ती थुंकून टाकावी, गिळूं नये. परंतु लगेच भरपूर पाण्यानें खळखळून धुऊनहि टाकूं नये. फ्लोराइडच्या पाण्यानें गुळण्या कराव्यात किंवा काय, हें वैद्यांनीं सांगावें. जेथें पाण्यांतच फ्लोराइड अधिक आहे तेथें तर त्यांस विचारल्यावांचून कांहींच करूं नये.

खाण्याविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. साखर किती खाल्ली यापेक्षां ती किती वेळां खाल्ली, याला महत्त्व अधिक आहे. हें सत्य जगाला ज्या रीतीनें कळलें ती लाजिरवाणी आहे. स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म या मतिमंदांच्या रुग्णालयांत १९४५ पासून कित्येक वर्षें असहाय रुग्णांना मुद्दाम गोड व चिकट पदार्थ चारून त्यांचे दांत कसे किडतात तें पाहण्यांत आलें. जेवणाबरोबर साखर घेतलेल्यांच्या मानानें, दोन जेवणांच्या मध्यें चिकट टॉफी खाल्लेल्यांचे दांत फारच अधिक किडले, असा त्याचा निष्कर्ष १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना 'नको' म्हणतां येत नव्हतें, त्यांच्या दांतांच्या मोलानें हें ज्ञान मिळालेलें आहे. निदान तें फुकट तरी घालवूं नये. सणावारीं जेवणाच्या पानावर श्रीखंड किंवा पुरणपोळी खाण्यास आमची ना नाहीं. परंतु दप्तरांत चॉकलेटें ठेवून तासातासाला एक तोंडांत टाकणें, किंवा शीतपेयाची बाटली तासभर घोंट घोंट पिणें, यांनीं दांतांस विश्रांति म्हणून मिळतच नाहीं. चिक्की, संक्रांतीचा कडक तिळगूळ व फुटाणे यांनीं तर कडीच उखडून येते. "दांत आहेत तर चणे नाहींत," ही म्हण तारेच्या दोन वर्षांपुरती मुलांनीं आनंदानें मान्य करावी. पुढें दांतहि राहतील आणि चणेहि मिळतील.

आतां आमच्या शाळेकडे वळतों. कारण दुसऱ्यांस उपदेश करून स्वतः मोकळें होणें बरें नव्हे. मधल्या सुट्टींत डबा खाऊन झाल्यावर नळाशीं जाऊन चूळ भरण्यास मुलांना किती अवसर मिळतो? तारेच्या कडेला अडकलेला घांस काढीत असलेल्या मुलास "चल लौकर" म्हणून हांकललें जात नाहीं कां? वाढदिवसाच्या निमित्तानें वर्गावर्गांतून चॉकलेटें वांटण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हीच चालूं दिली ना? आमच्या मतें डब्यानंतर पांच मिनिटें चूळ भरण्यासाठीं राखून ठेवावींत, तारवाल्या मुलांस लहान ब्रश बरोबर आणण्याची मुभा असावी आणि वाढदिवसाला चॉकलेटांच्या ऐवजीं फळ किंवा वर्गाच्या ग्रंथसंग्रहासाठीं एक पुस्तक देण्याची प्रथा पाडावी. तारेवरून कोणास कोणी हिणवूं नये, हें तर सांगावयास नकोच. ज्याची चेष्टा होते तें मूल चारचौघांत दांत घांसण्यास लाजतें आणि त्या लाजेचें मोल त्याचे दांत देतात.

ज्यांस डाग पडलाच आहे, त्यांनीं निराश होऊं नये. तार निघाल्यावर दांत स्वच्छ राखले, तर लाळ आपलें काम पुन्हा सुरू करते आणि पहिल्या कांहीं महिन्यांत पुष्कळ डाग फिके होतात. सर्वच जातात असें मात्र नाहीं. या अवधींत घरच्या घरीं लिंबू, सोडा वगैरे चोळून ते घालविण्याचा प्रयत्न कदापि करूं नये. तें म्हणजे आगीवर तेल ओतणें होय. महिने लोटल्यावरहि जे डाग राहतील, त्यांच्या पोकळ्यांत पातळ राळ भरून ते दिसेनासे करण्याची रीत आतां उपलब्ध आहे. तिचा विचार वैद्यांच्या सल्ल्यानें करावा. परंतु हे सर्व उपाय म्हणजे वरातीमागून घोडें! त्यानें दांत बरा दिसेल. गेलेलें दंतवल्क जसेंच्या तसें परत येणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, वैद्य महिन्यांतून एकदां तुमच्या दांतांकडे पाहतील, आई रात्रीं एकदां पाहील. उरलेला सर्व वेळ ते तुमच्याच हवालीं आहेत. तार दांत ओढून सरळ करील. ती तुमचा आळस ओढून काढूं शकत नाहीं. ज्या मुलीची हकीकत आम्हीं वर सांगितली, ती आतां आपल्या धाकट्या भावाजवळ रोज रात्रीं उभी राहते. त्याला गेल्याच महिन्यांत तार लागली आहे. तो कुरकुर करूं लागला कीं ती कांहीं बोलत नाहीं. फक्त ओंठ बाजूला करून आपले दांत दाखविते, आणि तो निमूटपणें ब्रश हातीं घेतो. प्रत्येक घरीं असा धडा देण्यास कोणाचा तरी दांत बिघडावाच लागावा, असें आम्हांस वाटत नाहीं. आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपण सर्वांनीं आरशापुढें पांच मिनिटें उभें राहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.